बिनजागेचा खेळाडू

१

तीन वर्षांपूर्वी माझी दुसरी कादंबरी प्रसिद्ध झाली, तेव्हा एका जाणत्या स्नेह्याने पोस्टकार्ड पाठवून मला एकच प्रश्न विचारला होता. "तुमचा नायक शेवटच्या प्रकरणात मेला नसता, तर या पुस्तकात काय उरले असते?" खाली सही. स्तुती नाही, निंदा नाही. मी त्या पत्राला उत्तर दिले नाही, कारण मला ते देता येईना. माझा नायक एक कारकून होता. पहिली दोनशे पाने तो नुसता कचेरीत जात-येत होता. मग मी त्याला आजार लावला, आणि वाचकांची पत्रे येऊ लागली की, आम्ही फार हेलावून गेलो. त्या पत्रांच्या उजेडात मला स्वतःलाही आधीची दोनशे पाने एकाएकी खोल वाटू लागली. स्नेह्याने नेमके तिथेच बोट ठेवले होते.

ते बोट सलत असतानाच यू सांग-चोल या कोरियन फुटबॉलपटूच्या कारकीर्दीचा विचार माझ्या मनात घोळू लागला. यू हे त्याचे आडनाव. कोरियात आडनाव आधी लावतात. हा मनुष्य दक्षिण कोरियाच्या मधल्या फळीत खेळला, पुढे प्रशिक्षक झाला, आणि ७ जून २०२१ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, स्वादुपिंडाच्या कर्करोगाने वारला. त्याच्याविषयी बोलणारा जो तो या शेवटापासून बोलायला लागतो. पाहा, मीही तेच केले.

साहित्याच्या दिवाळी अंकात फुटबॉल कशाला, असे कुणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, कारकीर्द हीही एक रचनाच असते. तिला आरंभ असतो, मध्य असतो, पात्रे असतात, आणि तिचा अर्थ लावणारे वाचकही असतात. हे वाचक ज्या चुका करतात त्या कादंबरीच्या वाचकांपेक्षा निराळ्या नसतात. त्यांतली सर्वांत मोठी चूक म्हणजे शेवटाचे पाणी मागच्या सगळ्या पानांवर शिंपडणे. करुण हा रस थोर खरा, पण सगळ्या रसांत तोच स्वस्तात मिळतो. एखाद्याला मरू द्या, की त्याच्या जगण्याला आपोआप घाट आल्यासारखा वाटतो. तेव्हा मी असे ठरवले की, यू सांग-चोलचा शेवट जरा बाजूला ठेवायचा आणि मग त्याच्या कारकीर्दीत काय उरते ते पाहायचे. मी मॅट्रिक झालेला चित्रकलेचा मास्तर आहे. समीक्षेचे शास्त्र मी शिकलेलो नाही. पण फुटबॉल लहानपणापासून पाहिला आहे, आणि कादंबरी लिहिताना कुठे लबाडी करता येते हे मला चांगले ठाऊक आहे. एवढ्या शिदोरीवर हे लिहितो.

२

यूचा जन्म १८ ऑक्टोबर १९७१ चा, सोल शहरातला. १९९४ साली तो उल्सानच्या संघात दाखल झाला. कोरियाच्या व्यावसायिक लीगमध्ये दर मोसमाच्या शेवटी सर्वोत्कृष्ट अकरा खेळाडू निवडण्याची पद्धत आहे, आणि ही निवड जागेनुसार होते. बचावाचे इतके, मधले इतके, आघाडीचे इतके. १९९४ साली या अकरांत यूचे नाव आले ते बचावपटू म्हणून. १९९८ साली आले ते मधल्या फळीतला खेळाडू म्हणून, आणि त्याच वर्षी लीगमध्ये सर्वांत जास्त गोलही त्याचेच होते. २००२ साली पुन्हा आले, आघाडीचा खेळाडू म्हणून. मैदानाच्या तिन्ही पट्ट्यांत, आठ वर्षांच्या अंतरात, एकच माणूस देशातल्या उत्तमांत गणला गेला. मध्यंतरी तो जपानला जाऊन योकोहामा आणि काशिवा इथल्या संघांकडून खेळून आला. पुढे २००३ आणि २००४ अशी लागोपाठ दोन वर्षे योकोहामाच्या संघाने जपानची लीग जिंकली, त्यात तो होता. २००५ साली उल्सानने कोरियाची लीग जिंकली, त्यातही तो होता. २००६ साली तो खेळातून निवृत्त झाला. देशाकडून तो एकशे वीसहून अधिक सामने खेळला.

हा हिशेब वाचून आपण सहज म्हणतो, "वा, अष्टपैलू!" मला या शब्दाची थोडी भीती वाटते. आपल्याकडे अष्टपैलू म्हणून ज्याचा गौरव होतो, त्याला बहुधा कुठल्याच एका पैलूत पहिला नंबर मिळालेला नसतो. शिवाय या शब्दात दोन अगदी वेगळी माणसे एकत्र बांधली जातात. एक, आपल्याला किती गोष्टी येतात हे दाखवणारा. दुसरा, जिथे कमी पडते तिथे जाऊन उभा राहणारा. पहिल्याची नजर स्वतःकडे असते, दुसऱ्याची मैदानाकडे. यू दुसऱ्या जातीचा होता असे माझे मत आहे, आणि त्याला पुरावा म्हणून मी तीन सामने पुढे करतो.

पहिला सामना १९९८ च्या विश्वचषकातला. कोरियाचा संघ नेदरलँडकडून पाच गोलांनी हरला होता, आणि स्पर्धा चालू असतानाच प्रशिक्षक चा बूम-गन यांना काढून टाकण्यात आले होते. पुढची फेरी गाठण्याची आशा संपली होती. अशा स्थितीत २५ जूनला पॅरिसमध्ये बेल्जियमशी शेवटचा सामना होता. बेल्जियमने सुरुवातीलाच गोल केला. उत्तरार्धात एका फ्री किकवर यूने पुढे झेपावत, घसरत जाऊन चेंडू आत ढकलला आणि सामना १-१ असा सुटला. या गोलाने कोरियाला काहीही मिळाले नाही. पण मान खाली घालून घरी जाण्याची पाळी थोडी टळली. या गोलात सौंदर्य असे फारसे नाही. पाय, शरीर, सगळे ताणून पोहोचणे एवढेच त्यात आहे.

दुसरा सामना ४ जून २००२ चा, बुसानचा, पोलंडविरुद्ध. कोरिया १९५४ पासून विश्वचषकात खेळत आला होता. त्या दिवसापर्यंत तो १४ सामने खेळला होता आणि त्यांतला एकही जिंकलेला नव्हता. ह्वांग सन-होंगने पहिला गोल केला. दुसरा ५३ व्या मिनिटाला यूने केला, गोलक्षेत्राच्या तोंडापासून जोरदार फटका मारून. पोलंडचा डुडेक हा गोलरक्षक काही साधासुधा नव्हता, पण त्याला तो अडवता आला नाही. कोरिया २-० ने जिंकला. अठ्ठेचाळीस वर्षांनी आलेला पहिला विजय! साहजिकच यूचे नाव घेतले की हा गोल आठवतो.

पण माझ्या दृष्टीने खरा यू तिसऱ्या सामन्यात दिसतो, आणि त्यात त्याचा गोल नाही. १८ जून २००२, देजॉन, इटलीविरुद्ध. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. शाळा सुटल्याबरोबर सायकल दामटत आमच्या कोल्हापुरातल्या तालमीत गेलो. तिथे टी. व्ही. पुढे सगळी पेठ दाटीवाटीने बसली होती. व्हिएरीने पूर्वार्धात इटलीला आघाडी मिळवून दिली होती आणि वेळ सरत चालली होती. तेव्हा कोरियाचे डच प्रशिक्षक हिडिंक यांनी एक जुगार खेळला. त्यांनी एक बचावपटू काढला आणि आघाडीचा खेळाडू आणला. मग मधला एक काढला, आणखी एक आघाडीवाला आणला. शेवटी कर्णधार होंग म्यंग-बो, बचावाचा कणा, त्यालाही बाहेर घेतले आणि पुन्हा आघाडीवालाच आत धाडला. पुढे माणसांची जत्रा झाली. ८८ व्या मिनिटाला सोल गी-ह्यनने बरोबरी साधली, आणि ११७ व्या मिनिटाला आन जंग-ह्वानने डोक्याने गोल करून सामना संपवला. त्या वेळी जादा वेळेत पहिला गोल झाला की सामना तिथेच संपे. तालमीत नुसता कल्लोळ झाला.

त्या कल्लोळात एक म्हातारे आबा, आपल्या तरुणपणी तालमीकडून हाफ खेळलेले, कोपऱ्यात शांत बसून होते. ते म्हणाले, "गोल काय बघतायसा? माघारी कोण आलाय त्यो बघा. त्यो नसता तर ह्यो गोल झालाच नसता."

माघारी आला होता तो यू. मधल्या फळीत सुरुवात केलेला हा गडी, बचावाची माणसे एकेक करून निघून गेल्यावर, न बोलता मागे सरकून त्यांच्या जागी उभा राहिला होता. पुढचा जुगार चालू राहावा म्हणून मागचे घर धरून ठेवायला कुणीतरी लागते. हिडिंकच्या धाडसाची वर्णने शेकड्यांनी झाली, आनच्या गोलाची तर मोजदादच नाही. पण ते धाडस अंगाशी आले नाही याचे एक कारण असे की, हाताशी एक असा खेळाडू होता की ज्याला कुठलीही जागा परकी नव्हती. त्या विश्वचषकानंतर स्पर्धेतल्या उत्तम खेळाडूंची जी यादी जाहीर झाली, तीत दोन कोरियन होते. एक होंग म्यंग-बो आणि दुसरा यू. यादी करणाऱ्यांनी तरी आबांची नजर ठेवली होती म्हणायची.

आमच्या शाळेत चित्रकलेच्या मास्तराला एक वेगळाच मान असतो. कुणी शिक्षक गैरहजर असला की त्याचा तास आम्हाला मिळतो. गणिताचे गुरुजी लग्नाला गेले, जा. इंग्रजीच्या बाई आजारी, जा. मी वीस वर्षांत सगळ्या विषयांच्या वर्गांवर उभा राहिलो आहे, आणि वार्षिक अहवालात त्याची एक ओळही कधी आली नाही. तक्रार म्हणून हे सांगत नाही. पण रिकाम्या वर्गात शिरणाऱ्या माणसाला कोणत्या नजरेने पाहावे हे मला थोडे कळते, एवढेच सांगायचे आहे.

खेळाडू यूविषयी आणखी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. निवृत्तीनंतर त्याने स्वतःच उघड केले की, खेळत असताना त्याच्या डाव्या डोळ्याला जवळजवळ दिसत नव्हते. २००१ साली उल्सानला मेक्सिकोविरुद्धच्या सामन्यात नाकाचे हाड मोडलेले असताना अगदी शेवटी त्याने डोक्याने गोल करून सामना जिंकून दिला, हेही सांगतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्हींच्या बाबतीत मी वाचकाला जपून राहायला सांगेन. सोसणे म्हणजे गुण नव्हे. डोळ्याची गोष्ट मला महत्त्वाची वाटते ती निराळ्या कारणाने. आम्ही मुलांना वस्तुचित्र शिकवताना एक डोळा मिटून पेन्सिलीने माप घ्यायला सांगतो. का? कारण एका डोळ्याने पाहिले की खोली नाहीशी होते आणि जग कागदासारखे सपाट होते. चित्राला ते सोयीचे असते. पण हवेतून येणाऱ्या चेंडूचे अंतर जोखायला तीच खोली लागते. ज्याला ती पुरती मिळत नाही, त्याला चेंडू कुठे आहे यापेक्षा तो कुठे येणार आहे याचा विचार आधीपासून करावा लागणार. माझा हा तर्क आहे, यूने असे कुठे म्हटलेले नाही. पण जागा ओळखण्याची त्याची जी शक्ती, तिच्याशी हा तर्क जुळतो.

३

आता प्रशिक्षक यू. इथे मात्र समीक्षकाने ममता आवरली पाहिजे.

२०११ च्या जुलैत त्याने देजॉनच्या संघाची सूत्रे हाती घेतली. त्या वर्षी कोरियाच्या लीगमध्ये सामने ठरवून हरण्याचे प्रकरण उघडकीस आले होते आणि देजॉनचे खेळाडू त्यात अडकले होते. पहिलीच नोकरी, आणि तीही जळालेल्या घरात. २०१२ पासून लीगमध्ये खालच्या संघांना पदच्युत करण्याची पद्धत सुरू झाली. सोळा संघांत देजॉन तेरावा आला, म्हणजे वाचला. तरी मोसम संपल्यावर त्याचा करार पुढे वाढवला नाही. मग काही वर्षे तो उल्सानच्या विद्यापीठातल्या मुलांना शिकवत होता. २०१७ च्या अखेरीस जन्नाम या संघाने त्याला बोलावले. तिथे काही जमले नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्याने पद सोडले, आणि त्या मोसमाच्या शेवटी जन्नाम तळाला जाऊन खालच्या लीगमध्ये ढकलला गेला.

प्रशिक्षक म्हणून त्याच्यावर जो आक्षेप घेता येतो तो असा की, त्याला स्वतःचा असा खेळ नव्हता. हिडिंकचा संघ पाहिला की हिडिंक ओळखू येतो. तसा यूचा संघ ओळखू येत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. किंबहुना मी पुढे जाऊन म्हणतो की, हा दोष त्याच्या गुणातूनच जन्मला. जो खेळाडू आयुष्यभर समोरची गरज पाहून आपला आकार बदलत आला, त्याने प्रशिक्षक झाल्यावर एकच ठाम आकार घेऊन यावे अशी अपेक्षा करणे कठीण आहे. आणि दुसरी अडचण याहून मोठी. खेळाडूला मैदानात भोक दिसले की तो धावत जाऊन ते बुजवतो. प्रशिक्षकाला तेच भोक रेषेबाहेरून दिसते, पण त्याला जाता येत नाही. दुसऱ्या कुणाला तरी ते दिसायला लावावे लागते. स्वतःला उपजत येणारी गोष्ट शिकवणे सर्वांत अवघड, कारण ती आपण कशी करतो हे आपल्यालाच माहीत नसते.

इथे मला माझी एक चूक आठवते. शाळेच्या प्रदर्शनासाठी सातवीतला एक मुलगा बैलगाडीचे चित्र काढत होता. बैलाच्या मागच्या पायाशी तो अडला. चार वेळा सांगून जमेना, तेव्हा मी पेन्सिल घेतली आणि पाय काढून दिला. मग ओघात पुढचा पायही दिला. चित्राला बक्षीस मिळाले. त्यानंतर तो मुलगा प्रत्येक चित्र अर्धे करून माझ्यापुढे आणून ठेवू लागला. हात पुढे न करता उभे राहण्याची शिक्षकाची जी शिस्त, ती मला अजूनही पुरती साधलेली नाही. म्हणून रेषेबाहेर हात बांधून उभ्या असलेल्या यूच्या अडचणीकडे मी तक्ता हाती घेऊन पाहू शकत नाही.

२०१९ च्या १४ मे रोजी तो इंचॉनच्या संघावर आला. संघ तळाला होता, आधीचा प्रशिक्षक गेलेला. इंचॉनला कोरियात एक गमतीचे नाव पडले होते, 'बचावाचा राजा'. कारण दर वर्षी हा संघ पडता पडता राही. याही वर्षी तसेच व्हावे एवढीच लोकांची मागणी होती. यूने सुंदर खेळ आणला नाही. आधी हरणे कमी केले, मग बरोबरी वाढवली, मग एखादा सामना जिंकला. १९ ऑक्टोबरला सोंगनामच्या मैदानावर इंचॉन १-० ने जिंकला, आणि सामना संपताच खेळाडू रडू लागले. प्रशिक्षकाची प्रकृती ठीक नाही, हे पुढे बाहेर आले. १९ नोव्हेंबरला यूने पत्र लिहून स्वतःच जाहीर केले की आपल्याला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे, चौथ्या अवस्थेतला. आणि तरीही मोसम पुरा करण्याचे त्याने ठरवले. २४ नोव्हेंबरला सांगजूविरुद्ध २-० असा विजय मिळाला. इंचॉनच्या घरच्या मैदानावरचा यूच्या कारकीर्दीतला तो पहिला विजय. ३० नोव्हेंबरला चांगवॉन इथे ग्यंगनामशी शेवटचा सामना होता. इंचॉनला बरोबरी पुरे होती, ग्यंगनामला विजय हवा होता. सामना ०-० सुटला. ३८ सामन्यांत ७ विजय, १३ बरोबरी, १८ पराभव, गुण ३४. ग्यंगनामचे ३३. एका गुणाने संघ राहिला.

शेवट बाजूला ठेवायचा असे मी म्हटले होते. आता तो नेमका मध्ये येऊन उभा राहिला आहे. तेव्हा स्पष्ट विचारू या. हा संघ प्रशिक्षकाच्या आजारामुळे वाचला काय? खेळाडू त्याच्यासाठी जीव तोडून खेळले, यात शंका नाही. पण जीव तोडून खेळल्याने गोल होतात, फारतर. शेवटच्या सामन्यात, जिंकायलाच हवे अशा संघापुढे, नव्वद मिनिटे गोल न होऊ देणे हे भावनेचे काम नव्हे. भावनेच्या भरात माणूस जागा सोडतो. ०-० हा ज्याने त्याने आपली जागा धरून ठेवल्याचा पुरावा आहे, आणि कुणी सुटला तर शेजाऱ्याने सरकून ती धरल्याचाही. म्हणजे देजॉनला इटलीविरुद्ध यूने एकट्याने जे केले होते, ते चांगवॉनला अकरा जणांनी केले, आणि तो बाहेर उभा होता. जे शिकवणे अवघड असे मी वर म्हटले, ते त्याने एका दिवसापुरते का होईना शिकवून दाखवले होते. ज्या सामन्यात काही घडलेच नाही असे वर्तमानपत्र म्हणेल, तो सामना मी या प्रशिक्षकाची सर्वांत चांगली कृती मानतो. त्यात ग्यंगनामच्या कमकुवतपणाचा वाटा आहे, हेही सांगितले पाहिजे.

त्या दिवशी इंचॉनच्या पाठीराख्यांनी फलक धरला होता. एक वचन पाळलेस, आता उरलेलेही पाळ, अशा अर्थाचा. संघ वाचवीन आणि बरा होऊन मैदानावर परत येईन, अशी ती दोन वचने. दुसरे त्याच्या हाती नव्हते. २०२० च्या जानेवारीत त्याने पद सोडले. फेब्रुवारीत तो योकोहामाला जुन्या संघाचा सामना पाहायला गेला, तेव्हा तिथल्या लोकांनी त्याचे स्वागत केले. जूनमध्ये इंचॉन पुन्हा अडचणीत आला. प्रशिक्षक गेला आणि जागा रिकामी झाली. यूने परत येण्याची तयारी दाखवली. डॉक्टरांचे मत घेऊन संघाने ते होऊ दिले नाही. संघाचे बरोबर होते. पण आजारी माणसाने रिकामी जागा दिसताच उठून उभे राहावे, यात मला करुणाहून स्वभावच अधिक दिसतो. विश्वचषकात मागे सरकला तोच हा माणूस.

४

२००७ साली, निवृत्तीनंतर थोड्याच काळाने, यू एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात लहान मुलांच्या संघाचा मास्तर झाला होता. त्या मुलांत सहा वर्षांचा एक मुलगा होता, ली कांग-इन. २०११ साली तो मुलगा स्पेनला गेला, वॅलेन्सियाच्या संघात वाढला. २०१९ साली वीस वर्षांखालील विश्वचषकात कोरिया अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, तेव्हा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून सोन्याचा चेंडू त्यालाच मिळाला. पुढे तो पॅरिसच्या मोठ्या संघात गेला. यू आजारी असताना म्हणत असे की, एक आठवडा धडधाकट मिळाला तर लीचा सामना मैदानावर बसून पाहायचा आहे. तो आठवडा मिळाला नाही.

ही गोष्ट सांगताना लोक गुरुशिष्याची जोडी जमवून टाकतात. मी तेवढे करणार नाही. लीचे खरे शिक्षण स्पेनमध्ये झाले, आणि सहा वर्षांच्या मुलाला कुणी किती शिकवणार! मला लक्षणीय वाटते ते दुसरेच. ली यूसारखा मुळीच खेळत नाही. तो डावखुरा, चेंडू पायाशी खेळवणारा, पाहताक्षणी ओळखू येणारा. यूचे एकही वळण त्याच्या खेळात नाही. माझ्या बैलगाडीवाल्या मुलाच्या चित्रात मात्र माझे वळण ढळढळीत होते. पहिल्या मास्तराने मुलाच्या खेळावर आपला हात उमटवला नाही, ही माझ्या लेखी लहान गोष्ट नाही.

आणि आता एक कडू गोष्ट. ज्या इंचॉनला यूने एका गुणाने वाचवले, तो संघ २०२४ च्या मोसमात तळाला गेला आणि अखेर खालच्या लीगमध्ये उतरला. मग २०१९ चे ते ०-० कशासाठी? असे विचारणाऱ्याला मी इतकेच म्हणेन की, धरून ठेवलेली जागा त्या वेळेपुरतीच धरलेली असते. मी गणिताचा तास घेतला म्हणून मुले पुढच्या वर्षी गणितात पास होतील, असे नाही. पण त्या दिवशी वर्ग उघडा पडला नाही.

शेवट बाजूला ठेवून यूच्या कारकीर्दीत काय उरते, त्याची माझी यादी आता पुरी झाली. काही न देणारा एक गोल पॅरिसमध्ये. एक मोठा गोल बुसानमध्ये. देजॉनच्या मैदानावर, कुणी पाहत नसताना, वीसेक पावले मागे सरकणे. दोन अपुऱ्या नोकऱ्या, ज्यांत त्याच्या गुणाची मर्यादा स्पष्ट दिसते. आणि एक शून्य-शून्य. यात मृत्यूने भर घातलेली नाही. मृत्यूने फक्त आपले लक्ष वेधले. थोर प्रशिक्षक तो नव्हता, असे मी म्हणेन, आणि ते म्हणताना त्याचा अपमान होतो असे मला वाटत नाही. मृत्यूला गुण देऊन त्याच्या खेळाचे गुण झाकणे, यात त्याचा अपमान अधिक आहे.

हे टिपण लिहिताना मी माझी ती कादंबरी पुन्हा उघडली. कारकुनाचा आजार वगळून, आधीची दोनशे पाने फक्त वाचली. बहुतेक पाने स्नेह्याला वाटली तशीच निघाली, कोरडी. पण मध्ये एका ठिकाणी, कचेरीतला एक सहकारी पोराच्या ॲडमिशनसाठी रजेवर असताना, माझा कारकून कुणी न सांगता त्याच्या टेबलाशी जाऊन बसतो आणि त्याची थकलेली बिले संध्याकाळपर्यंत उरकून ठेवतो. दुसऱ्या दिवशी तो सहकारी येतो आणि त्याच्या लक्षातही येत नाही. हा प्रसंग मी अर्ध्या पानात उरकला होता. मला आजाराकडे जायची घाई होती.

तीन वर्षांनी काल मी त्या स्नेह्याला उत्तर टाकले. लिहिले की, "नायक मेला नसता तर पुस्तकात अर्धे पान उरले असते. ते मी वाढवायला हवे होते."